कुष्ठधामाच्या छतावरचं पाणी

वीज आणि गरम पाणी दोन्ही एकाच पॅनलमधून मिळतं म्हणतात, घ्यावं का? मी निवृत्त झाले तरी लोक हे विचारायचं सोडत नाहीत. लग्नाच्या पंगतीत विचारतात, दवाखान्याच्या बाकावर विचारतात. मी उलट विचारते, पाणी वापरणार कोण? ‘म्हणजे काय, घरचेच की,’ असं म्हणून समोरचा जरा नाराज होतो. त्याला वाटतं बाई उत्तर टाळतेय.

माझी सगळी नोकरी इंदूरच्या तुकोगंजातल्या एका चाचणी केंद्रात गेली. सूर्यावर चालणारी उपकरणं कोणी संस्था, वसतिगृह किंवा दवाखाना विकत घेणार असेल, तर आधी आमच्याकडून तपासून घेत. आम्ही अहवाल द्यायचो. तो मानायचा की नाही, ते घेणाऱ्यावर. मी महूची. आजोबा आणि वडील दोघंही फौजेत होते, त्यामुळे घरात मुलीने इंजिनियर व्हायला कोणी हरकत घेतली नाही. हरकत घेतली ती गिऱ्हाइकांनी. साडीचा पदर खोचून मी शिडी चढायला लागले की खालून कोणीतरी हमखास म्हणे, ‘अरे भिया, मॅडम को पकड़ो!’ मॅडम काही कधी पडल्या नाहीत.

सराफ्यातल्या एका सोनाराला असं जोडपॅनल हवं होतं. त्याच्या छतावर गेले तर तिन्ही बाजूंनी उंच इमारती. मी म्हटलं, ‘सेठजी, इथे ऊन कुठे आहे?’ ते म्हणाले, ‘धूप का इंतज़ाम कंपनीवाला करेगा ना?’ अशी गिऱ्हाइकं घरी सांगून हसायला बरी. पण मला जे सांगायचं आहे त्यात हसण्यासारखं काही नाही.

मध्य प्रदेश तेव्हा अखंड होता, छत्तीसगड वेगळं व्हायचं होतं. वीज दिवसातून अनेकदा जायची. गौतमपुऱ्याच्या रस्त्यावर, शेतांच्या मधोमध, एक कुष्ठधाम होतं. तिथले बहुतेक रहिवासी औषधाने बरे झाले होते, पण घरच्यांनी परत नेलं नव्हतं. इंदूरचे माधवराव काळभोर त्या संस्थेला जोडपॅनलं देणगी म्हणून देणार होते. त्यांचे पूर्वज होळकरांच्या फौजेत होते, स्वतः माधवराव वकिली करून निवृत्त झालेले. देणगी आईच्या नावाने होती. घेण्याआधी तपासणी व्हावी असं त्यांनीच ठरवलं आणि काम माझ्याकडे आलं.

जोडपॅनल कशासाठी, हे तिथे पोचल्यावर लगेच कळलं. रहिवाशांच्या खोल्या कवेलूंच्या, उतरत्या छपराच्या. पक्कं छत एकट्या मलमपट्टीच्या खोलीला, तेही लहान. रोज पाय भिजवायला, आंघोळीला, पट्ट्या धुवायला गरम पाणी हवं, आणि जखमा बघायला दिवाही हवा. दोन वेगळी पॅनलं मांडायला जागा नव्हती.

पॅनल विकणारे शरद उपासनी तिथे माझी वाट बघत होते. माणूस सरळ होता, आपल्या मालावर त्याचा मनापासून विश्वास होता.

‘गायकवाड मॅडम, एका जागेत दोन कामं,’ ते म्हणाले. ‘वर वीज करणाऱ्या चकत्या, खाली तांब्याच्या नळ्या. चकत्या तापल्या की वीज कमी होते ना? मग नळ्यांतलं पाणी ती उष्णता घेऊन जातं. चकत्या थंड, पाणी गरम. दोघांचा फायदा.’

ऐकायला हे छान वाटतं आणि बरंचसं खरंही आहे. पण चकत्यांना गार राहायचं असतं आणि आंघोळीला पाणी कडक हवं असतं. दोन्ही गरजा एकमेकींच्या विरुद्ध. जोडपॅनल म्हणजे त्या दोघींमधली तडजोड. पाणी वेगाने फिरवलं तर वीज चांगली मिळते पण पाणी कोमट राहतं. सावकाश फिरवलं तर पाणी तापतं आणि वीज घसरते. घेणाऱ्याला आपल्याला काय जास्त हवं ते आधी ठरवावं लागतं.

‘इथे कोमटच हवंय मॅडम,’ उपासनी म्हणाले. ‘म्हणून तर हे इथे परफेक्ट आहे.’

मी म्हटलं, ‘विकण्याआधी एक संच लावून दाखवा. मी येऊन बघत जाईन.’

त्यांनी लावला. साध्या सौरबंबात टाकी पॅनलच्या वर असते. गरम पाणी आपसूक वर चढतं, गार खाली येतं, काही चालवावं लागत नाही. इथे जुन्या छताला टाकीचं वजन पेलणार नव्हतं, म्हणून टाकी खाली पडवीत ठेवली आणि पाणी फिरवायला छोटा पंप बसवला. पंप चालणार पॅनलच्याच विजेवर. मी मोजमापं घेतली. सकाळी वीज उत्तम, दुपारी थोडी कमी, पाणी हाताला सुखद. उपासनींच्या दाव्यात काही खोट नव्हती.

तिथेच मला धापूबाई भेटली. हाताची बोटं झडलेली, पायात टायरच्या चपला, अंगावर धुऊन धुऊन विरलेलं लुगडं. मी छतावरून उतरले की ती पडवीत माझ्यासाठी चहा घेऊन उभी असायची. पहिल्या दिवशी मी तिच्या हातचा चहा घेतला, तेव्हा माझ्याकडे बघत राहिली.

‘पिताय?’ ती म्हणाली.

‘मग काय करू? साखर मात्र जास्त झालीय.’

ती हसली. तिचं मराठी ऐकून मला नवल वाटलं. जवळच्याच खेड्यातली, माळवी बोलणारी बाई, आणि मराठी मात्र जुन्या सरदार घराण्यातल्यासारखं. मी विचारलं तर म्हणाली, ‘म्हारी मराठी नानांची आहे. त्यांनी शिकवली.’

नाना म्हणजे तिचा नवरा. दोघंही इथे आल्यावर भेटले, इथल्याच देवळात लग्न केलं. तो गेल्याला काही वर्षं झाली होती. मग ती सहज म्हणाली, ‘हे गरम पाणी देणारे माधवराव आहेत ना, नानांचे धाकटे भाऊ. माझे दीर. पण त्यांना सांगायचं नाही हं बाई. नानांनी लग्नाचं कधी कळवलं नाही, मीही नाही कळवणार. ते आईचं नाव लावताहेत, लावू देत. आंघोळीला पाणी मिळेल.’

मी मान हलवली. मग ती चहाचं भांडं उचलायला वाकली तेव्हा तिच्या मनगटापासून कोपरापर्यंत चकाकणारा जुना डाग दिसला. माझी नजर तिला कळली.

‘चुलीवरून हंडा उतरवताना टेकला,’ ती म्हणाली. ‘मला कळलं नाही. वास आला तेव्हा कळलं.’

त्या वाक्याने माझी सगळी मोजमापं उलटीपालटी झाली. आपल्या घरी नळाला चटका देणारं पाणी आलं तर आपण हात मागे घेतो. तो मागे घेतलेला हात हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात भरवशाचा बचाव. बंब बनवणाऱ्याने तो गृहीत धरलेला असतो, तपासणाऱ्यानेही. इथे तो बचावच नव्हता. औषधाने रोग जातो, पण मेलेली संवेदना परत येत नाही. या माणसांच्या हातापायांना गरम आणि गार सारखंच.

पुढच्या खेपेला मी पंपाची तार काढली आणि पॅनल तसंच भर उन्हात राहू दिलं. खाली सगळे नळ तारेने बांधून टाकले, आणि तिथल्या नर्स शांताताई पडवीत दारावर बसल्या. उपासनी अस्वस्थ झाले.

‘असं कोण वापरतं, मॅडम?’

‘मुद्दाम कोणी वापरत नाही. पण पंप कधी ना कधी बंद पडतो.’

दुपारपर्यंत नळ्यांतलं पाणी उकळायला लागलं. आतून खडखड आवाज येत होता. मी तार परत जोडली. पंप सुरू झाला आणि ते सगळं उकळतं पाणी एका दमात टाकीत वरच्या बाजूला जाऊन पडलं. नळाला पाणी टाकीच्या वरच्या बाजूनेच जातं. मी एका नळाची तार सोडली, त्याखाली तापमापक धरला आणि तो उपासनींना दाखवला. त्यांनी रुमालाने मान पुसली.

‘मी तापमानावर चालणारी घंटी बसवून देतो,’ ते म्हणाले. ‘पाणी जास्त तापलं की वाजेल. सगळ्यांना कळेल.’

‘घंटी कशावर वाजणार?’

‘पॅनलच्या विजेवर.’

बोलून झाल्यावर त्यांच्याही लक्षात आलं असावं. पॅनलमधलाच जोड सुटला तर पंपाबरोबर घंटीही मुकी. पण त्यांनी मान हलवून म्हटलं, ‘जोड सुटणार नाही मॅडम, मेरी गॅरंटी.’

मी अहवालात लिहिलं की हे पॅनल वाईट नाही, पण या जागी लावू नये. त्याऐवजी छताशेजारी लोखंडी मनोरा उभारून साधा बंब ठेवावा, नळाआधी गार पाणी मिसळणारी आणि गार थांबलं की झडपेने गरमही अडवणारी वेगळी टाकी असावी, आणि दिव्यासाठी खांबावर छोटं पॅनल. दिसायला गबाळं, पण बिघडलं तरी पाणी गारच येईल, गरम नाही. बिघडल्यावर वस्तू कोणत्या बाजूला झुकते, हे घेण्याआधी बघायचं असतं. चालू असताना सगळंच चांगलं दिसतं.

माधवरावांनी मला घरी बोलावलं. उंच, कृश माणूस. त्या दिवसांत आजारी होते, खुर्चीला उशा लावून बसले होते.

‘उद्घाटनाची तारीख ठरलीय,’ ते म्हणाले. ‘मोठे लोक येणार आहेत. निमंत्रणं गेली. मनोरा बांधायचा म्हणजे पावसाळा उलटेल.’

‘उलटू द्या ना. इतकी वर्षं चुलीवर पाणी तापतंय, अजून चार महिने तापेल.’

‘माझ्याकडे चार महिने आहेत की नाही ते डॉक्टर सांगत नाहीत, गायकवाडबाई.’ मग म्हणाले, ‘माझे थोरले भाऊ तिथे होते. हे बाहेर कोणाला माहीत नाही. घरात त्यांचं नाव काढायचं नाही, असं वडिलांनी सांगितलं होतं. मी एकदाही गेलो नाही. आता तरी काही करू द्या.’

धापूबाईचं नाव माझ्या अगदी ओठांवर आलं. पण तिने सांगू नको म्हटलं होतं.

‘तुम्हाला करायचंच असेल तर नीट करा,’ मी म्हटलं. ‘त्या लोकांना चटका कळत नाही. उकळत्या पाण्यात हात घातला तरी ते तसेच उभे राहतील.’

‘उपासनी म्हणतात घंटी आहे. नर्स आहे. तुम्ही फक्त होकार लिहा.’

‘मी नाही लिहिणार.’

त्यांनी डोळे मिटून घेतले. ‘बरं. मग तुमच्या होकाराशिवाय लावू.’

आणि लावलं. मी शांताताईंना फोन करून सगळं समजावलं. आपला हात घातल्याशिवाय कोणाला पाणी द्यायचं नाही, असा त्यांनी नियम केला आणि पाळलाही. पण माझ्या कामाची हद्द तिथे संपत होती. ‘नाही’ लिहायचं आणि सही करायची. पुढे ती वस्तू छतावर चढली तरी तिला खाली उतरवायचा अधिकार आमच्या केंद्राला नव्हता. या नोकरीतली मला सगळ्यात जास्त डाचलेली गोष्ट हीच.

पुढच्या वैशाखात शांताताईंचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता.

उन्हाने पॅनलमधला एक जोड ढिला झाला होता. तापला की सुटायचा, गार झाला की परत चिकटायचा. त्या दुपारी तो सुटला, पंप थांबला, पाणी उकळत राहिलं. घंटी वाजली नाही. मग एक ढग आला, जोड गार होऊन परत जुळला आणि पंप सुरू झाला. शांताताई औषधं आणायला इंदूरला आल्या होत्या. धापूबाईच्या दोन्ही पायांना भेगा पडल्या होत्या. तिने घमेल्यात नळ सोडला, पाय बुडवले आणि डोळे मिटून बसली. शेजारणीला वाफ दिसली, ती ओरडली. तोपर्यंत उशीर झाला होता.

तिला इंदूरला दवाखान्यात आणलं. मी गेले तेव्हा तिचे पाय गुडघ्यापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत होते. दुखत नव्हतं तिला. ते बघणं जास्त भयंकर होतं. ताप मात्र चढत होता. जखमांमधलं विष रक्तात जातंय, असं डॉक्टर म्हणाले.

माधवराव काठी टेकत आले. खाटेपासून बऱ्याच अंतरावर, दाराच्या चौकटीत उभे राहिले. एका गरीब रहिवासी बाईची चौकशी करायला आले होते ते, तेवढंच त्यांना माहीत होतं.

‘यांच्या घरचं कोणी आहे का?’ त्यांनी शांताताईंना विचारलं. ‘कळवायला हवं.’

शांताताईंनी माझ्याकडे बघितलं. मी धापूबाईकडे बघितलं. तिचे डोळे उघडे होते, तिने ऐकलं होतं. तिने मानेनेच मला हो म्हटलं.

‘आहे,’ मी म्हणाले. ‘तुम्ही आहात. या तुमच्या भावाच्या बायको आहेत.’

त्यांना कळायला वेळ लागला. शेवटी ते खाटेपर्यंत आले आणि म्हणाले, ‘वहिनी.’

धापूबाईने पदर सारखा करायचा प्रयत्न केला. बोटं नसलेल्या हाताने तो डोक्यावर ओढायला लागली, तो मीच ओढून दिला.

‘बसा ना,’ ती म्हणाली. ‘उभे का?’

ते बसले. त्यांना रडू येत होतं. तिनेच त्यांची समजूत घातली. म्हणाली, ‘पाण्याला नाव ठेवू नका भावजी. सुरुवातीचे दिवस फार चांगलं यायचं. डोक्यावरून घेतलं की नानांची आठवण यायची, त्यांना फार थंडी वाजायची.’

तीन-चार दिवसांनी ती गेली. अग्नी माधवरावांनी दिला. त्यांच्या घरचं दुसरं कोणी आलं नव्हतं.

उपासनी माझ्या टेबलासमोर येऊन बसले होते एकदा. माझा अहवाल मागून घेतला, पुन्हा वाचला आणि उठून गेले. जोडपॅनलं विकणं त्यांनी सोडलं. मला त्यांचा राग येत नाही. ते विकत होते ती वस्तू ज्या माणसांसाठी बनली होती, त्यांच्या हातांना चटका कळत होता.

ती पॅनलं उतरवली. मी सांगितल्याप्रमाणे मनोरा उभा राहिला, वर साधा बंब, खाली पाणी मिसळणारी टाकी. स्वतःचाच अंदाज चुकवून माधवराव टिकले होते. पुढच्या उन्हाळ्यात मी चाचणी ठेवली. जे जे बिघडू शकतं ते मी मुद्दाम बिघडवणार होते: गार पाण्याची नळी बंद करायची, झडप अडकवायची, भर उन्हात सोडून द्यायचं. माधवराव म्हणाले, मी येतो. छत्री घेऊन पडवीसमोर खुर्चीवर ते सकाळपासून बसून राहिले. चहा आला, त्यांनी प्यायला. तो आणणाऱ्या बाईचे हात धापूबाईसारखेच होते. दर थोड्या वेळाने विचारत, ‘किती?’ मी आकडा सांगे.

दुपार कलली तेव्हा मी म्हटलं, ‘झालं. आता काहीही बिघडलं तरी याहून गरम येणार नाही.’

ते उठले, नळापाशी गेले, बाही वर केली आणि हात पाण्याखाली धरला. बराच वेळ धरून उभे राहिले.

‘बाई, एक सांगतो,’ ते म्हणाले. ‘थोरल्याला झालं तेव्हापासून मी रोज सकाळी उठल्यावर बोटांना टाचणी टोचून बघतो. कळतंय ना, आपल्याला तर झालं नाही ना. बायकोलाही माहीत नव्हतं. इथे पाय न ठेवण्याचं कारण वडील नव्हते, हे होतं. आयुष्य गेलं टाचणीत.’

पाणी वाहत होतं. शांताताई येऊन थांबल्या होत्या, मागे पाय भिजवायला रहिवाशांची रांग लागली होती.

‘कोमट आहे,’ माधवराव म्हणाले. ‘मला कळतंय.’

आणि नळ सोडून ते बाजूला झाले, रांगेतल्या पहिल्या माणसाला जागा द्यायला.